काकींच्या वेबसाइटचे तेवीस तुकडे

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करत होते. पंधरा दिवसांची रजा काढून गावी, सिंधुदुर्गात कसालला आले, ती वाढवत गेले, आणि एक दिवस कंपनीनेच कळवलं की आता परत नाही आलात तरी चालेल. वडील हळूहळू काठी धरून चालायला लागले होते, पण भातशेती, काजू आणि वडील हे सगळं आईने एकटीने बघणं शक्य नव्हतं. मी राहिले. बाजारात, दूध डेअरीच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेतली, टेबल टाकलं आणि दारावर 'वेबसाइट बनवून मिळतील' अशी पाटी लावली. पहिले दोन महिने जिना चढून येणारी माणसं झेरॉक्स कुठे मिळेल ते विचारायची.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे काकी. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच्या एका गावातल्या. तीस वर्षं त्यांनी मालवणच्या बाजारात बसून मासे विकले होते. काका होडी घेऊन समुद्रावर जायचे. त्यांचे गुडघे गेले तशी त्यांनी होडी पुतण्याच्या हवाली केली आणि घरामागच्या माडांत दोन खोल्या बांधून नवरा-बायकोने पाहुण्यांसाठी न्याहारी-निवास सुरू केला. माझ्या पाटीबद्दल त्यांना एसटीत कुणीतरी सांगितलं होतं. एका दुपारी त्या जिना चढून वर आल्या, खुर्चीवर बसल्या, पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "गो बाय, माका इंटरनेटवर येवक व्हया. पावणे रस्त्यार उभे रवान विचारतत, हंय खोली गावतली काय. तेंका घरातसूनच कळाक व्हया."

पाहुण्यांना खोली मिळेल का ते घरबसल्या कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी कामाला लागले. इथे माझी चूक सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वेबसाइटचा सगळा चेहरामोहरा ज्याने ठरतो त्या तयार साच्याला थीम म्हणतात. मला एक झगमगीत थीम आवडली होती, पण ती विकतची होती. कुणीतरी तिचं कुलूप तोडून ती फुकट वाटत होतं आणि ओळखीतल्या एकाने मला ती पाठवली. कंपनीत असते तर मी तिला हातही लावला नसता. इथे म्हटलं, दोन खोल्यांच्या वेबसाइटकडे कोण बघतंय.

वर मी प्लगइन जोडत गेले. प्लगइन म्हणजे वेबसाइटला चिकटवायचे छोटे छोटे तयार तुकडे, एकेक तुकडा एकेक काम करतो. एकाने पानावर फुलांच्या पाकळ्या पडायच्या. एकाने फोटो सरकायचे. एक कोपऱ्यातून उसळी मारून 'काही मदत हवी का' विचारायचा. असे तेवीस झाले. हे पाहुण्यांसाठी आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे पुण्याहून परत आलेल्या मुलीला काय काय येतं ते गावाला दिसावं असं मला वाटत होतं. काकींना लॅपटॉपवर सगळं दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि "खूपच आसा गो," एवढंच म्हणाल्या. मी ते कौतुक समजले.

दिवाळीनंतर पाहुण्यांचा हंगाम लागला आणि एका सकाळी काकींचा फोन आला. कोल्हापूरच्या एक मुख्याध्यापिका दरवर्षी नाताळच्या सुट्टीत त्यांच्याकडे उतरायच्या. त्यांनी वेबसाइट उघडली होती.

"बाय, त्या बाई म्हणतत, आमच्या वेबसाइटीर पत्त्यांचो जुगार चल्लोसा. असा कसा होयत?"

मी लॅपटॉपवर उघडून पाहिलं, सगळं ठीक होतं. पाकळ्या पडत होत्या. मग फोनवर, एखादा पाहुणा शोधेल तसं शोधून उघडलं. क्षणभर काकींचं घर दिसलं आणि पान उडी मारून कुठल्यातरी जुगाराच्या दुकानात गेलं. लॅपटॉपवर मी मालकाच्या चावीने आत गेलेली होते, म्हणून मला चांगलंच दिसत होतं. आत शिरलेल्याने तेवढी काळजी घेतली होती. तो कुठून शिरला हे मला शोधायचीही गरज नव्हती. कुलूप तोडलेल्या थीमसोबत तो पहिल्या दिवसापासूनच आत होता.

काकींना मी म्हटलं, "बघतंय, काकी." का झालं ते सांगितलं नाही. दोन दिवस मी एकटीच धडपडले. संशयास्पद ओळी पुसायच्या, तासाभराने त्या पुन्हा उगवायच्या. तिसऱ्या दिवशी मला सरांची आठवण झाली.

मी कंपनीत लागले तेव्हा सर्व्हर सांभाळणारे एक सर निवृत्तीला आले होते. मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, बांद्याचे. निरोपाच्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं की आता काजूची कलमं बांधणार आणि संगणकाला हात लावणार नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, फोन कधी केला नव्हता. केला. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "उद्या ये. लॅपटॉप आण आणि चार्जर विसरू नको."

बांद्याला त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, काजूच्या रोपांच्या पिशव्यांच्या रांगा होत्या. सरांच्या बोटांना चीक लागलेला. हात धुऊन ते पडवीत माझ्याशेजारी बसले. कंपनीतल्या सवयीने आम्ही शुद्ध मराठीतच बोलत होतो.

"ही थीम कुठून आणलीस?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले.

"कळलं," ते म्हणाले. पुढे त्याबद्दल एक शब्द काढला नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी आधी संपूर्ण वेबसाइट बंद करायला लावली. मग तिच्या जागी एक साधं पान लिहून घेतलं. काकींचं घर कुठे आहे, खोल्या दोन आहेत, फोन नंबर हा, मालवणहून यायचं ते असं. फोटो नाही, रंग नाही. ते पान फोनवर उघडलं तर बोट टेकायच्या आत समोर आलं. मी चकित होऊन बघत होते आणि सर माझ्याकडे.

"पाहुण्याचं निम्मं काम यात झालं," ते म्हणाले. "आता बाकीचं नव्याने उभं करू. जुन्यातलं फक्त तुझं लिखाण आणि फोटो घे, तेही तपासून. पण त्याआधी एक कर. तुझे तेवीसही तुकडे कागदावर लिही. त्या बाईंसमोर बस आणि प्रत्येकाचं काम त्यांच्या भाषेत सांग. जे सांगता येणार नाही ते घालायचं नाही. उरतील त्यांचं आपण बघू. कुणी बनवलंय, शेवटची दुरुस्ती कधी केलीय, बनवणारा अजून लक्ष देतोय का. ज्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही ते कितीही छान असलं तरी नको."

"आणि हे कसं झालं ते?"

"तेही सांगायचं. ते आधी सांगायचं."

निघताना ते मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. एसटी दिसली तसे पहिल्यांदाच मालवणीत बोलले, "घाबरा नको. बाई काय खाणत नाय तुका."

दुसऱ्या दिवशी काकींकडे पोहोचले तेव्हा त्या मागच्या पडवीत आडाळ्यावर बांगडे साफ करत बसल्या होत्या. आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. काका बाजूला खाटेवर गुडघ्यांना तेल लावत होते. कागद हातात धरून मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, काकी, जे झालं ते माझ्यामुळे झालं. त्यातली एक वस्तू मी चोरीची वापरली आणि चोर तिच्यातूनच आत आला. काल सगळी वेबसाइट बंद केली, आता नव्याने काय काय ठेवायचं ते या कागदावरून तुम्हाला विचारायचंय.

काकींचा हात थांबला नाही. "चोरीची हा म्हणान तुका म्हायत होता?"

"होय."

"कधी कळला, ह्या तेच्यामुळे झाला?"

"तुमचो फोन इलो तेव्हाच."

आता त्या थांबल्या. "मगे चार दिस गप कित्याक ऱ्हवलंस? तेव्हाच सांगला आसतंस तर त्या बाईंका मी लगेच फोन केलो आसतंय. चार दिस ती बाई माका काय समाजली आसतली?"

मी थीमबद्दल बोलणी खायच्या तयारीने आले होते. त्या चार दिवसांचं मला सुचलंच नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले. काकींनी हात धुतले, आत जाऊन फोन आणला आणि माझ्यासमोरच कोल्हापूरला लावला. त्या मुख्याध्यापिकांना त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आमच्या वेबसाइटमध्ये चोर शिरला होता, आता बंद केली आहे, आमचा त्या जुगाराशी संबंध नाही, तुम्ही या. माझं नाव घेतलं नाही. "आमच्याकडून चूक झाली," असं म्हणाल्या. ते 'आमच्या' मला आजही ऐकू येतं.

फोन ठेवून त्या पुन्हा आडाळ्यावर बसल्या. "वाच तुझो कागद."

मी पाकळ्यांपासून सुरुवात केली. पानावर वरून फुलांच्या पाकळ्या पडतात, म्हटलं.

"ह्येचा काम काय?"

"बरा दिसता."

"आणि झाडतला कोण?"

काका खाटेवरून हसले. मी पाकळ्यांवर काट मारली. मदत हवी का विचारणाऱ्या चौकटीवर आले. पाहुण्याने काही विचारलं की तिथल्या तिथे उत्तर देता येतं, असं सांगितलं.

"उत्तर देतला कोण?"

"तुमी."

"मी मासे हाडूक गेलंय तर? विचारणारो थंय बसान ऱ्हवतलो. तेका फोन करूक सांग."

काट. किती माणसांनी वेबसाइट पाहिली तो आकडा दाखवणारा तुकडा. काट. सरकणारे फोटो आले तेव्हा काकींनी मान हलवली. "माका नीट बघूच्या आदीच फोटो पळता." त्यावरून त्यांना काहीतरी आठवलं आणि जरा संकोचून म्हणाल्या, "खरा सांगू? हंय माझ्या फोनार ती कधी पुरी उघडलीच नाय. थंय बावीकडे थोडी रेंज येता, थंय उभी रवान बघलंय. गोल फिरता आणि फिरताच. माका वाटला, माझोच फोन बिघाडलो."

स्वतःच्या घराची वेबसाइट त्या बाईने, विहिरीपाशी उभं राहूनही, तीन महिन्यांत स्वतःच्या फोनवर एकदाही पुरी पाहिली नव्हती, आणि दोष फोनला दिला होता.

मग बॅकअपचा तुकडा आला. मी सांगितलं की हा रोज सगळ्याची एक नक्कल काढून दुसऱ्या जागी ठेवतो, इथलं बिघडलं तर तिथून परत आणता येतं.

"ह्यो ठेव," काकी म्हणाल्या. मग विचारलं, "परत हाडून बघलंस कधी?"

मी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं काम करून एकदाही नाही. नक्कल निघते आहे एवढ्यावर माझं समाधान होतं.

"ह्येंच्या होडयेत एक जादा इंजिन होता," त्यांनी काकांकडे मान वळवली. "तीन वर्सां नुसता बांधलेला. गरज पडली तेव्हा सुरूच होयना. दुसऱ्या होडयेन ओढून हाडल्यानी ह्येंका."

मी कागदावर बॅकअपपुढे 'परत आणून बघणे' असं लिहिलं.

कुलपाचा तुकडा त्यांना ताबडतोब पटला. चुकीचा पासवर्ड कुणी चारपाच वेळा टाकला की तो दार बंद करतो, आणि बरोबर टाकला तरी फोनवर आलेला आकडा मागतो.

"आकडो कोणाच्या फोनार येतलो?"

"माझ्या."

"घर माझा, आणि चावी नुसती तुझ्याकडे?"

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कबूल करावी लागली. वेबसाइटचा पत्ताच मी माझ्या नावावर नोंदवला होता. कपट नव्हतं, सोपं पडलं म्हणून. पण उद्या मला काही झालं असतं तर काकींचा पत्ता माझ्याबरोबर गेला असता. त्याच आठवड्यात तो त्यांच्या नावावर केला आणि आकडा दोघींच्या फोनवर येईल अशी सोय केली. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला, चार माशांची नावं एकापुढे एक, कोणती ते मी सांगणार नाही. तो त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला घेतला तेव्हा मात्र मी हात धरला.

कागद संपला तेव्हा तेविसांतले सात उरले होते. सरांनी त्या सातांची फोनवरून झडती घेतली आणि त्यातला एक बदलायला लावला, कारण त्याच्या बनवणाऱ्याने केव्हाच लक्ष काढून घेतलं होतं. थीम यावेळी साधी, उघडपणे सगळ्यांना मोफत दिलेली घेतली. फोटोंचं वजन उतरवलं. पाहुण्यांनी मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले ते फोटो मी जसेच्या तसे चढवले होते. एकेक फोटो एवढा अवजड होता की बावीकडच्या रेंजने तो ओढला जाणं शक्यच नव्हतं. आता प्रत्येक बदलानंतर मी काकींकडे जायचे, त्यांचा फोन घेऊन विहिरीच्या काठाला उभी राहायचे आणि पान किती वेळात येतं ते बघायचे. शेवटच्या दिवशी काकींनी स्वतः उघडलं. घर दिसलं, खोल्या दिसल्या, जेवणात काय मिळेल ते दिसलं. त्या तिथेच उभ्या राहून सगळं वाचत होत्या. घावण्यांसोबत रस मिळेल असं मी लिहिलं होतं, त्यात 'नारळाचा' शब्द घालायला लावला. नाहीतर पाहुणे आंब्याचा समजतील, म्हणाल्या.

मग आम्ही परत आणून बघितलं. सर फोनवर होते. मी काकींसमोर सगळी वेबसाइट पुसून टाकली. पहिल्या खेपेला नक्कल अर्धीच आली, फोटो आलेच नाहीत. काकींनी माझ्याकडे बघितलं. सरांनी चूक शोधून दिली, दुसऱ्या खेपेला सगळं जागच्या जागी आलं. पुढच्याच पावसाळ्यात जिथे वेबसाइट ठेवली होती त्या कंपनीचा सर्व्हर बसला आणि दोन दिवस उठला नाही. पण पहिल्याच दिवशी, माझी दुपारची जेवणवेळ व्हायच्या आत, त्या नकलेवरून काकींची वेबसाइट दुसरीकडून चालू झाली होती. तोवर माझ्याकडे आणखी चार गिऱ्हाइकं होती, धामापूरचं एक आणि कुडाळची तीन. त्यांचीही झाली. प्रत्येकासमोर मी आता कागद घेऊन बसते आणि प्रत्येक तुकड्याचं काम मालवणीत सांगते. अडखळले की समजते, हा आपण हौसेपोटी घेतोय.

कोल्हापूरच्या बाई, चोर शिरला त्याच वर्षी नाताळला आल्या होत्या. माझी ओळख झाली तेव्हा म्हणाल्या, "फोन आला नसता तर आले नसते."

पण मला सांगायचं आहे ते त्याच्याही पुढच्या वर्षीचं. जानेवारीत काकींनी फोन करून बोलावलं. सांगलीहून एक जोडपं आलं होतं, त्यातल्या गृहस्थांना मला भेटायचं होतं. मी गेले. ते खळ्यात खुर्चीवर बसले होते, चेहरा समुद्राच्या आवाजाकडे. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एका शाळेत गाणं शिकवतात. त्यांचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो आणि ते ऐकून ते पुढे जातात.

"खोली मी स्वतः ठरवली," ते म्हणाले. "एरवी हिला सांगावं लागतं. बाकीच्यांच्या वेबसाइटवर फोन अडकतो. काहीतरी हलत असतं, मध्येच चौकट उघडते, ती बंद कुठून करायची ते सापडत नाही. तुमची वरपासून खालपर्यंत सरळ वाचली. म्हणून आलो."

हे मी त्यांच्यासाठी केलं नव्हतं. त्यांचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. काकींनी पाकळ्या झाडल्या आणि सरांनी ओझं उतरवलं, त्यात ती वाट आपोआप मोकळी झाली होती. मी तसं त्यांना खरं खरं सांगितलं.

ते हसले. "मग आता एक मुद्दाम करा. फोटो आला की माझा फोन नुसतं 'चित्र' म्हणतो. अकरा वेळा 'चित्र' ऐकलं मी. त्यात काय आहे ते कुणी लिहिलंच नाही."

फोटोमागे वर्णन लिहायची जागा असते. कंपनीत तो नियम आम्हाला पाठ होता, आणि आम्ही ती जागा रिकामीच सोडायचो. मी तिथेच लॅपटॉप उघडला. पण ज्याने कधी काही पाहिलं नाही त्याला किनारा कसा सांगायचा हे मला कळेना. 'सुंदर समुद्रकिनारा' असं टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं. ते गृहस्थ मान कलती करून पुढच्याची वाट बघत राहिले.

काकी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "दाखय," म्हणाल्या. फोटो बघून त्या सांगत गेल्या आणि मी मराठीत उतरवत गेले. रापणीचं मोठं जाळं समुद्रातून किनाऱ्यावर ओढतायत, दोन्ही दोऱ्यांना माणसं. वाळू ओली आहे, पाय रुततात. खोलीच्या दाराला दोन पायऱ्या, दुसरी जरा उंच, सांभाळून. विहिरीचा काठ कमरेइतका. ताटात तळलेला बांगडा, शेजारी सोलकढीची वाटी, भात मधोमध. ते गृहस्थ ऐकत होते, मधे विचारत होते. दोऱ्या किती लांब, माडांत वारा कुठल्या बाजूने येतो. त्यांची बायको खळ्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती.

अकरावा फोटो काकींचाच निघाला, घरासमोर एकट्या उभ्या असलेल्या. त्या थबकल्या. "ह्येच्यात काय सांगू? म्हातारी आसा."

खळ्यात आणून टाकलेल्या खाटेवरून काका म्हणाले, "लिव गो बाय. हिना पिवळा लुगडा नेसल्यान हा. फोटोत हसाक नाय, पण सभाव बरो आसा."

मी काकींकडे बघितलं. त्या नको म्हणाल्या नाहीत. मी ते काकांच्या शब्दांत, मालवणीतच टाइप केलं, आणि सांगलीच्या गृहस्थांनी फोन कानाशी धरून ते दोनदा ऐकलं.